डिस्चार्ज बुकातले नाव

खासगी आरोग्य विम्याच्या अटी वाचून मुरलेला माणूस माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचे नियम हातात घेतो तेव्हा थबकतो. एकदाच वर्गणी भरायची आणि आयुष्यभर उपचार घ्यायचे. आत येताना वयाची अट नाही, वैद्यकीय तपासणी नाही, मधुमेह आधीपासून आहे म्हणून नकार नाही, आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. त्याच वर्गणीत बायको येते, अवलंबून असलेली मुले येतात, अवलंबून असलेले आईवडीलही येतात. डिसेंबर २०१७ च्या आदेशाने ही वर्गणी शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये ठरली. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना ती माफ आहे. साठी उलटलेल्या जोडप्याला खासगी विम्याचा एका वर्षाचा हप्ताही कित्येकदा हवालदाराच्या या आयुष्यभराच्या वर्गणीहून जास्त पडतो. ‘एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम’ हे तिचे पूर्ण नाव. फौजी घरांत मात्र सगळे तिला ईसीएचएस म्हणतात, आणि ‘कार्ड’ म्हटले की याच योजनेचे कार्ड समजले जाते.

या योजनेबद्दल मला आदर आहे, आणि तिच्या दाराशी जे घडते त्याची तितकीच काळजी आहे. माणूस सैन्यात होता, त्याने इतकी वर्षे सेवा केली, अमुक तारखेला निवृत्त झाला, त्याला पेन्शन मिळते, त्याला बायको आणि दोन मुले आहेत, ही सगळी माहिती सरकारनेच लिहून ठेवलेली असते. म्हणजे त्याची पात्रता सरकारच्याच दफ्तरात सिद्ध झालेली असते. तरीही नोंदणीच्या वेळी ती नव्याने सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर पडतो, आणि सरकारी कागदांचे आपसात पटत नसेल तर त्यांची समजूत घालण्याचे कामही त्याच्याच गळ्यात येते. हा भार उलटा व्हायला हवा. नोंद ज्याने ठेवली, तिची चूकही त्यानेच निस्तरावी.

वसई पूर्वेची एव्हरशाईन सिटी या प्रश्नाकडे पाहायला चांगली जागा आहे, कारण ती छावणीचे गाव नाही. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत घरटी फौजी असतो. कुणाचा कागद कुठे अडला आणि कुणाला भेटल्यावर सुटला, हे पारावर बसल्या बसल्या कळते. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेल्यावर वसईची खाडी ओलांडून वाढत गेलेल्या वस्त्यांत हे होत नाही. नौदलाच्या नोकरीची शेवटची वर्षे कुलाब्याला काढलेला रत्नागिरीचा माणूस, मुलांच्या शिक्षणासाठी शहराजवळ राहिलेला साताऱ्याचा हवालदार, निवृत्तीनंतर बँकेत सुरक्षारक्षक झालेला नाईक, अशी माणसे इथे एकेकटी, वेगवेगळ्या इमारतींत राहतात. शेजाऱ्याला ते ‘मिलिटरीवाले काका’ म्हणून माहीत असतात, इतकेच. अशा ठिकाणी योजना किती सोपी आहे याची खरी परीक्षा होते, कारण तिथे माणसाच्या मदतीला फक्त नियम असतो.

योजनेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. सैनिकाला निवृत्तीनंतर लष्करी रुग्णालयाचा, म्हणजे ‘एमएच’चा, आधार होता, पण ती रुग्णालये मुळात सेवेतल्या जवानांसाठी, आणि निवृत्तांना तिथे जागा व औषधे असतील तसे उपचार मिळायचे. जवळ छावणी नसलेल्या गावात तेवढेही नव्हते. ३० डिसेंबर २००२ च्या आदेशाने ईसीएचएसला मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. मुलकी बाबूला जे १९५४ मध्ये मिळाले, तसे काही जवानाला मिळायला आणखी ४९ वर्षे लागली. आज देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत, लाभार्थी अर्ध्या कोटीहून जास्त आहेत, आणि पुढच्या उपचारांसाठी खासगी रुग्णालये योजनेला जोडलेली आहेत. पॉलिक्लिनिक चालवणारा प्रभारी अधिकारी बहुधा निवृत्त फौजीच असतो. डॉक्टर, फार्मासिस्ट, कारकून कंत्राटावर असतात, आणि तरीही या लोकांनी वीस वर्षांहून अधिक काळ हा गाडा ओढला आहे.

पात्रतेची सगळी इमारत एका खांबावर उभी आहे: पेन्शन. सेवानिवृत्तीचे, अपंगत्वाचे किंवा कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर माणूस आत, नसेल तर बाहेर. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे. त्यांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापली जाते. त्याआधीचे हवे तर येऊ शकतात, पण मग दरमहा मिळणारा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता सोडावा लागतो. मुलगा पंचविशीपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत, आणि आईवडील त्यांचे उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असेल तर. कागदावर हे स्वच्छ आहे. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरच्या अडचणीमुळे नाव कापून परतलेल्याला इथे जागा नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, इमर्जन्सी आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले यांना दार उघडले. यातले पुष्कळ जण बिनपेन्शनचे होते. म्हणजे पेन्शनचा खांब हलवता येतो, हे सरकारने स्वतःच दाखवून दिले आहे. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आता मला ज्या यंत्राने खिळवून ठेवले त्याकडे येतो. लष्करात त्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. नौदलात हेच काम ‘जेनफॉर्म’ करतो, हवाई दलात ‘पीओआर’. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, कुणी वारले, तर युनिटचा कारकून त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतो. त्या ऑर्डरला क्रमांक पडतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिथे जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रात, घटना चढते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. नौसैनिकांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये असते. माणूस कुपवाड्यात असो वा जहाजावर, त्याचे कौटुंबिक आयुष्य या एका चिंचोळ्या नळीतून दफ्तरात उतरते. लष्कराच्या दृष्टीने ज्या लग्नाची ऑर्डर छापली गेली नाही ते लग्न झालेलेच नाही, आणि ज्या मुलीच्या जन्माची नोंद झाली नाही ती मुलगी जन्मलेलीच नाही. निवृत्तीच्या वेळी याच नोंदींवरून डिस्चार्ज बुक भरले जाते, पेन्शन पेमेंट ऑर्डर म्हणजे पीपीओ निघतो, आणि त्या पीपीओवर पत्नीचे नाव येते. ईसीएचएसचा ऑनलाइन अर्ज भरताना पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार आणि मुलांचे जन्मदाखले एकमेकांना भेटतात. बऱ्याचदा ही त्यांची पहिलीच भेट असते.

या भेटीत काय होते, हे मराठी घरांकडे पाहिल्यावर नीट कळते. आपल्याकडे लग्नात नवरीचे नुसते आडनाव बदलायचे नाही, पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर शालन असलेली मुलगी सासरी सुनीता झाली. सरपंचाच्या दाखल्यावरून नोंद झाली ती सुनीताची. पुढे आधार काढताना तिने शाळेचा दाखला दिला. आता एकाच बाईची दोन नावे दोन सरकारी कागदांवर आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत डी-एन-वायने लिहितो. युनिटचा कारकून हिंदी पट्ट्यातला असेल तर तो जी-वायने लिहितो, कारण त्याच्या कानाला ते तसेच ऐकू येते. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या जागी गावाचे नाव. तारखांचीही तीच गत. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. आईवडिलांना अवलंबित म्हणून जोडायचे तर भरतीच्या वेळी सांगितलेले वय आणि आधारवरचे वय यांत पाच-सात वर्षांचे अंतर सहज निघते. यात कुणी कुणाला फसवलेले नाही. एका समाजाने नावे ठेवायची आपली रीत पाळली आणि दुसऱ्या टोकाला एक दफ्तर त्याच्या रीतीने लिहीत राहिले, इतकेच घडले आहे.

दुरुस्तीची वाट मात्र लांब आहे. माजी सैनिकाने प्रतिज्ञापत्र करायचे, गरज पडल्यास वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का घ्यायचा आणि सगळे रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचे. तिथे नवी नोंद होते आणि ती लेखा कार्यालयाकडे जाते. लष्करासाठी प्रयागराजला, नौदलासाठी मुंबईत. तिथून दुरुस्तीचा पीपीओ निघतो, ज्याला सगळे ‘कॉरिजेंडम पीपीओ’ म्हणतात. तो हाती आला की बायकोच्या कार्डाचा अर्ज पुढे सरकतो. मधल्या काळात ती आजारी पडली तर तिचे लग्न झालेले आहे, हे रुग्णालयाला पटवून उपयोग नसतो. ते दफ्तराला पटावे लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सावधपणाचा. इतकी उदार योजना, पैसा करदात्याचा; पडताळणी सैल केली तर खोटे अवलंबित घुसतील. आक्षेप गंभीर आहे. कॅगने २०१५ मध्ये या योजनेचे सविस्तर लेखापरीक्षण केले तेव्हा गैरप्रकारांकडे बोट दाखवलेच होते. पण त्या अहवालातला ठळक भाग रुग्णालयांना गेलेल्या जादा रकमांचा आणि पॉलिक्लिनिकांतल्या औषधांच्या तुटवड्याचा होता. पैसा गळतो तो बिलांच्या टोकाला. साठ वर्षांच्या सुनीताबाई आधी शालन होत्या का, या चौकशीने ती गळती बुजत नाही. आणि पडताळणी नको असे कुणी म्हणत नाही. प्रश्न तिची पायपीट कुणी करायची हा आहे. रेकॉर्ड ऑफिसकडे ऑर्डर आहे, पेन्शन देणाऱ्या यंत्रणेकडे पीपीओ आहे, आधारही केंद्राचेच. या तिघांचा मेळ घालायला वसईच्या माणसाने बेळगावला पत्र पाठवावे लागते, हे सावधपणाचे लक्षण मानता येत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द फौजी वर्तुळातून येतो: सेवेत असतानाच कागद नीट करायला काय होते? शिस्त शिकवली ना? यातही तथ्य आहे, आणि आज सेवेत असलेल्या प्रत्येकाने शीट रोलवरची नावे आधारशी ताडून पाहावीत, हे मीही म्हणेन. पण मूल जन्मले तेव्हा बाप हिमरेषेवरच्या चौकीत होता, नोंद सहा महिन्यांनी सुट्टीवर आल्यावर झाली, आणि दाखला गावाकडून भावाने पाठवला, अशी ती वर्षे होती. १९८५ साली भरती झालेल्याला आधार नावाचे काही येणार आहे, हे कुणी सांगितले होते? तिसरा आक्षेप तंत्रज्ञानावर विसंबणाऱ्यांचा. ‘स्पर्श’ ही पेन्शन प्रणाली आली, चौसष्ट केबीचे स्मार्ट कार्ड आले, अर्ज ऑनलाइन झाला. आता हे प्रश्न आपोआप संपतील. अर्ज भरणे सोपे झाले, हे खरे आहे. मात्र जुन्या नोंदी जशाच्या तशा संगणकात गेल्या की विसंगतीही सोबत जाते, आणि पूर्वी समोरचा सुभेदार-क्लार्क “अहो, हे एकच नाव आहे, दिसतंय मला” म्हणून सही करू शकत होता, ती सोय यंत्रात नसते. त्याच्या लेखी एक अक्षर वेगळे म्हणजे माणूस वेगळा.

भार उलटवता येतो याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत नोंदणी करताना अपंगत्वाचे प्रमाण, उत्पन्न आणि सेवेचा तपशील पाहून माणसाला आठ प्राधान्यगटांपैकी एकात टाकतात. ती व्यवस्था आपल्याहून किचकट आहे. एकदा वर्गणी भरली की मोकळे, हा आपला नियम त्यापुढे मला कितीतरी सरळ वाटतो. पण ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे झालेल्या ‘पॅक्ट’ कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट केली. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांजवळ राबलेल्या सैनिकाला ठरावीक आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे सरकार गृहीत धरते. खड्ड्यातला धूर आणि फुप्फुसातला रोग यांचा संबंध त्या माणसाला सिद्ध करावा लागत नाही. आपल्याला यातले गृहीतक तेवढे उचलायचे आहे. पीपीओवर पत्नीची नोंद आहे, लग्नाची तारीख जुळते, छायाचित्र जुळते, तर नावातला फरक दुरुस्त होईपर्यंत तीच पत्नी मानून कार्ड द्यावे, आणि दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसने आपल्या घड्याळाने करावी. खोटे निघाले तर कार्ड रद्द करून वसुली करण्याचा अधिकार सरकारकडे आहेच.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. महाराष्ट्रात सामान्य कुटुंबाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मजूर, कोळी, शेतकरी त्यावर भागवतात. मग पेन्शनधारी फौजीचे लाड कशाला? उत्तर असे की, ही योजना नोकरीच्या अटींचा भाग आहे. तिची वर्गणी माणसाने भरली आहे, २००३ नंतरच्यांना तर न भरण्याचा पर्यायही नव्हता. सक्तीने पैसे घ्यायचे आणि सेवा देताना स्पेलिंग तपासत बसायचे, हे कोणत्याही व्यवहारात चालणार नाही.

कार्ड हातात आल्यावर पुढचे अंतर सुरू होते, आणि एव्हरशाईन सिटीतून ते मोजता येते. योजनेची रीत अशी: आधी आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, तिथला डॉक्टर तपासून रेफरल देईल, तो घेऊन जोडलेल्या रुग्णालयात. तपासण्या झाल्या, औषध बदलले, पुन्हा पॉलिक्लिनिक. नौदलाचे अश्विनी रुग्णालय गाठायचे तर वसई रोडहून चर्चगेट हे पन्नासेक किलोमीटर लोकलने आणि तिथून कुलाब्याच्या टोकापर्यंत बस किंवा टॅक्सी. ठाण्याच्या दिशेने जायचे तर घोडबंदर रस्त्याची कोंडी, नाहीतर वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्या. विरारहून भरून आलेल्या सकाळच्या लोकलमध्ये सत्तरीतल्या माणसाने वसईला चढावे, हेच एक दिव्य आहे. गुडघ्याच्या रेफरलसाठी ते करावे लागणे क्रूर आहे. वयोवृद्धांना रेफरलविना थेट तज्ज्ञाकडे जाण्याची सवलत दिली गेली, ती योग्यच. तातडीच्या वेळी कोणत्याही जोडलेल्या रुग्णालयात दाखल होता येते आणि ४८ तासांत कळवण्याचे काम रुग्णालयाचे असते, हेही पुष्कळांना माहीत नसते, माहीत असावे. जवळच्या बिगर-जोडलेल्या रुग्णालयात जावे लागले तर आधी खिशातून भरून मग सरकारी दराने परतावा मिळतो, आणि तो दर व प्रत्यक्ष बिल यांतला फरक घरच्यांनी सोसायचा.

जोडलेली रुग्णालयेही कायम जोडलेली राहत नाहीत. थकलेल्या बिलांवरून त्यांनी कॅशलेस सेवा थांबवल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून वरचेवर येतात. दर कमी, पैसे उशिरा, अशी त्यांची तक्रार असते आणि ती सरसकट खोटी म्हणता येत नाही. पण मधे उभा राहतो तो रुग्ण, ज्याने आपला वाटा कधीच भरून टाकलेला आहे. पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर ‘हे औषध नाही’ ऐकून बाहेरून विकत घेणाऱ्याचीही हीच स्थिती.

यात सर्वांत एकटी पडते ती विधवा. नवरा गेल्यावर सदस्यत्व तिच्या नावे व्हायला हवे. त्यासाठी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला हवे. त्यासाठी पीपीओवरचे नाव तिच्या आधारशी जुळायला हवे. चाळीस वर्षे ज्या कागदांना तिने हातही लावला नव्हता, कारण “ते सगळं हेच बघायचे”, ते दुःखाच्या पहिल्या महिन्यांत तिला एकटीने उलगडावे लागतात. मुलगा नोकरीनिमित्त लांब असेल तर सोसायटीतला कुणी इंटरनेटवर अर्ज भरून देतो. मृत्यूची नोंद महापालिकेत होते. पेन्शन खात्यालाही कळवली जाते, कारण पेन्शन थांबवायची असते. ती थांबवायला यंत्रणेला जी माहिती पुरते, तीच माहिती विधवेचे कार्ड सुरू करायला पुरायला हवी.

आणि तरीही, ज्यांच्यासाठी हा सगळा वाद आहे ते निदान पात्र आहेत. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ भरती योजनेतल्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून चार वर्षे पूर्ण करते. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. उरलेल्यांना सेवा निधीचे पैसे मिळतात, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. या मुलांची भरतीच आधारच्या जमान्यात झाली आहे. त्यांची नावे, तारखा, आईवडील सगळे अक्षरन् अक्षर जुळेल. त्यांच्याबाबत रेकॉर्ड ऑफिसला काहीच दुरुस्त करावे लागणार नाही, आणि तरी कार्ड मिळणार नाही. पंचविशीच्या आसपासच्या धडधाकट मुलाला उपचारांची काय गरज, असे म्हणणाऱ्यांनी चार वर्षांच्या उंचीवरच्या सेवेचा गुडघ्यांवर, कानांवर आणि पाठीवर उमटणारा हिशेब पंचेचाळिशीत पाहावा. योजना मुळातच वर्गणीची आहे. सेवा निधीतून तिची वर्गणी कापून घेऊन अग्निवीराला सदस्यत्वाचा पर्याय देणे अशक्य नाही. बिनपेन्शनच्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांसाठी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने नेमके तेच दार उघडले होते, आणि बेळगावच्या केंद्रातून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मराठा पोराला ते का नाकारायचे, याचे कारण संरक्षण मंत्रालयाने सांगायला हवे.